गोठ्यांतली शाळा

२०१६ सालीं झालेल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें भारतांत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयांत विनाशुल्क शिक्षणाचा हक्क दिला. परंतु अठरावें वर्ष उलटलें कीं घरांत एकच प्रश्न उभा राहतो : 'आमच्यामागें याचें कसें होणार?' स्वमग्नता, अध्ययनाची अक्षमता, अवधानाची चंचलता अशा कारणांनीं ज्यांच्या मेंदूची घडण इतरांहून निराळी असते, त्यांना हल्लीं इंग्रजींत 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. अशा तरुणांस पेलेल व शोभेल असा एक व्यवसाय म्हणजे जनावरांची निगा.

याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंत आहे. टेंपल ग्रँडिन या विदुषींचा जन्म १९४७ सालीं बोस्टन शहरीं झाला. स्वमग्नतेमुळें सुमारें साडेतीन वर्षांपर्यंत त्यांना बोलतां येत नव्हतें. पुढें ज्या निवासी शाळेंत त्यांना घातलें, तेथें घोड्यांचा तबेला होता. ठाणीं झाडणें, दाणावैरण घालणें हें काम त्यांच्याकडे आलें, आणि अंगावर घेतलेलें काम रोज चोख पार पाडण्याची शिस्त त्या तेथें शिकल्या. पुढें ॲरिझोनांतील गुरांच्या वाड्यांत गुरें अडून बसत, तेव्हां त्या स्वतः त्या अरुंद वाटेंत उतरून गुरांच्या उंचीवरून पाहूं लागल्या. लोंबणारी सांखळी, कुंपणावर टाकलेला कोट, डबक्यांत चमकणारें ऊन, या क्षुल्लक वस्तूंना जनावर बुजत होतें. शब्दांऐवजीं चित्रांनीं विचार करणाऱ्या ग्रँडिनबाईंना तें दिसलें. गुरांचे वाडे व कत्तलखाने यांच्या रचनेंत त्यांनीं सुधारणा केल्या, आणि कोलोरॅडो स्टेट विद्यापीठांत त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या.

यावरून प्रत्येक स्वमग्न तरुणास जनावरांची ओढ असते असें मात्र समजूं नये. कुत्र्यांच्या भुंकण्यानें जो कान झांकून घेतो, त्याला गाईंचा शांत गोठा मानवेल. शेणाचा वास ज्याला असह्य, त्याला तोही मानवणार नाहीं. यास्तव प्रथम थोडे दिवस काम करूं द्यावें, मग निवड करावी.

शिकविण्याची रीतही निराळी आहे. 'गाईला जरा पेंड घाल' यांतील 'जरा' या शब्दापाशींच असा विद्यार्थी अडतो. जरा म्हणजे किती? बादलीवर तांबडी रेघ ओढून 'येथपर्यंत भर' असें सांगितलें, तर तो रोज तेवढीच भरतो. पाण्याचें भांडें स्वच्छ करणें हें एकच काम भासतें. वस्तुतः ओतणें, घासणें, खळबळणें, भरणें, जागेवर ठेवणें अशा त्याच्या पांच पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीचें चित्र भिंतीवर असावें. हें सारें प्रत्यक्ष गोठ्यांतच शिकवावें, कारण वर्गांत शिकलेलें गोठ्यांत आठवेल असा भरंवसा नसतो. नेमाची जी ओढ घरीं हट्ट ठरते, ती जनावरास हितकर होते. वेळेवर दाणापाणी त्यालाही हवें असतें.

नेम मोडतो तेथें खरी कसोटी लागते. कान मागें पाडलेला घोडा, शेपूट पायांत घातलेला कुत्रा यांपासून दूर राहावें, हें चित्रांनीं शिकवावें लागतें. कुत्रा चावल्यास जखम पंधरा मिनिटें साबणपाण्यानें धुऊन तत्काळ दवाखाना गांठावयाचा, हेंही पाठ असावें. जनावर मेलें तर 'तें झोपलें' असें सांगूं नये. शब्दाचा सरळ अर्थ घेणारा तरुण तें उठण्याची वाट पाहत राहील. 'तें मेलें, उद्यां हें ठाण रिकामें असेल' असें स्पष्ट सांगावें, आणि त्याला रडूं द्यावें.

राहिला वेतनाचा प्रश्न. त्याच कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठीं किमान ४ टक्के जागा राखल्या. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक व अध्ययनविषयक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्या वांट्याला येतो. परंतु गोठे व दुग्धालयें बहुतांशीं खासगी मालकीचीं असतात. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या हातीं अशी एखादी जागा असेल, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : 'हौसेनें येतो' म्हणून फुकट राबविणें म्हणजे शिक्षण नव्हे. उमेदवारीची मुदत आधींच ठरावी, आणि ती संपतांच इतर गड्यांइतकाच दाम मिळावा. आईबापांच्या प्रश्नाचें पुरतें उत्तर त्यांत नाहीं. पण उत्तराचा आरंभ तेथूनच होतो.