परग्रहावरील फुगा आणि त्याची दोरी



२१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला संशोधन-अग्निबाण झेपावला, तेव्हा त्यातील सोडियम बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे शास्त्रज्ञ झाक ब्लामाँ यांचे होते. डॉ. विक्रम साराभाईंच्या या सहकाऱ्याने पुढे परग्रहांवर फुगे सोडण्याचा ध्यास घेतला. जून १९८५ मध्ये सोव्हिएत वेगा यानांनी शुक्रावर दोन फुगे सोडले. सुमारे ५४ किलोमीटर उंचीवरून ते ४६ तासांच्या आसपास संदेश पाठवीत राहिले. मात्र त्यांची दिशा सर्वस्वी वाऱ्याच्या मर्जीवर होती.

मंगळासाठी ब्लामाँ यांनी लोंबत्या दोरीचा फुगा योजला. रात्री थंडीने फुगा खाली उतरला की दोरी जमिनीवर टेके. तेवढा भार हलका होई आणि फुगा आदळण्यापासून वाचे. कल्पना मोठी सुंदर, पण हा फुगा मंगळावर कधी पोहोचलाच नाही.

तीच दोरी जमिनीवरील यंत्रमानवाच्या हाती दिली तर? फुग्यावरील कॅमेऱ्याला पुढची वाट दुरून दिसेल. मंगळावर २०२१ ते २०२४ या काळात ७२ उड्डाणे करणारे इन्जेन्युइटी हे हेलिकॉप्टर एका वेळी तीन मिनिटेही हवेत राहू शकत नव्हते. फुगा दिवसच्या दिवस राहील.

अडचण हवेची आहे. पृथ्वीवर एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो भार उचलतो, मंगळावर जेमतेम वीस ग्रॅम. किलोभर उपकरणासाठी पन्नासहून अधिक घनमीटरांचा फुगा लागेल, आणि एवढ्या पसाऱ्याला वारा सहज आडवा लोटील. एका दोरीने तो आवरणार नाही. म्हणून तीन यंत्रमानव त्रिकोणात उभे करावयाचे. एकाने दोरी गुंडाळायची, उरलेल्यांनी ढील द्यायची. पतंगबाजांना हे सांगावयास नकोच! परंतु दोरी केवळ ओढू शकते, ढकलू शकत नाही. झोताने एक दोरी सैल पडली की त्या बाजूचा ताबा सुटतो. पृथ्वीवरून आज्ञा पोहोचण्यास ३ ते २२ मिनिटे लागतात. तोवर फुगा खडकावर आपटलेला असेल. तेव्हा ताण मोजून निर्णय त्या तिघांनीच परस्परांत घ्यावा लागेल.

शनीच्या टायटन या चंद्रावरील हवा पृथ्वीहून सुमारे चौपट दाट आहे. तेथे लहानसा फुगाही पुरेल. दोरीने बांधलेला फुगा मात्र अद्याप कोणत्याही परग्रहावर उडालेला नाही.