गाडीतला संगणक : आधी वीज, मग पडदा



गाडी जुनी आहे, पण इंजिन ठणठणीत. विकायची इच्छा नाही. फक्त डॅशबोर्डमधला सीडीचा संच आता डिस्क वाचत नाही. अशा वेळी पुष्कळांच्या मनात येतं, की तिथे नव्या गाड्यांसारखा टचस्क्रीन बसवावा, आणि जमलं तर तो घरीच तयार करावा. हे जमतं का? जमतं. थोडंफार सोल्डरिंग येणाऱ्या आणि मल्टीमीटर हाताळता येणाऱ्या माणसाला नक्की जमतं. फक्त कामाचा क्रम बरोबर हवा. बहुतेक जण पडद्यापासून सुरुवात करतात, आणि तिथेच घोळ होतो. सुरुवात करायची ती बॅटरीपासून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अँड्रॉइडवर चालणारे तयार संच बाजारात मिळतात. तुम्हाला गाणी, फोन आणि नकाशा एवढंच हवं असेल, तर सरळ तयार संच घ्या. घरी बांधलेला स्वस्त पडतो, हा समज बरोबर नाही. पडदा, संगणक, वीजपुरवठा, केबल, बसवण्याची चौकट यांची बेरीज केली की खर्च बहुधा बरोबरीला येतो. बांधायचा तो वेगळ्या कारणासाठी : आपल्याला हवं तेवढंच त्यात असावं, बिघडलं तर आपल्याला दुरुस्त करता यावं, आणि करता करता शिकायला मिळावं.

ही कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीने १९८६ साली आपल्या रिव्हिएरा गाडीत टचस्क्रीन बसवला होता, तोही जुन्या टीव्हीसारखा काचेच्या नळीचा. १९९९ साली इंग्लंडमधून ‘एम्पेग’ नावाचा संच विक्रीला आला. आतमध्ये लिनक्सवर चालणारा संगणक, हार्ड डिस्कवर हजारो गाणी, आणि आकार गाडीच्या रेडिओएवढा. त्या काळी हे चैनीचं काम होतं. २०१२ साली रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला आणि हे सगळं हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. आज मी त्याच्याच आधाराने बोलणार आहे. त्यातही चौथ्या पिढीचा पाय धरून चालू. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत आणि ऑनलाइनही मिळतं.

आता विजेकडे वळू. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, असं आपण म्हणतो. पण गाडीत ठाम १२ व्होल्ट कधीच नसतात. गाडी उभी असताना चांगल्या बॅटरीवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसतात. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर ते १४ च्या वर नेतो. सेल्फ मारताना, विशेषतः बॅटरी जुनी असेल तर, तेच ९ च्याही खाली येतात. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल झालं, तर क्षणभर ८० ते १०० व्होल्टपर्यंतचा झटका येऊ शकतो. आपल्या संगणकाला मात्र हवे असतात अगदी स्थिर ५ व्होल्ट, आणि ३ अँपिअर देण्याची तयारी.

म्हणून मोबाइल चार्ज करायचा स्वस्त अडॅप्टर इथे चालत नाही. गाडीसाठीच बनवलेला, व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा बक कन्व्हर्टर घ्या. तो खाली ८ व्होल्टपर्यंत आणि वर किमान ३६ व्होल्टपर्यंत झेपणारा असावा. त्याच्या आधी झटका शोषून घेणारा टीव्हीएस डायोड हवा. आणि त्याच्याही आधी, बॅटरीच्या जितकं जवळ बसवता येईल तितकं जवळ, फ्यूज हवा. पाच व्होल्ट आणि तीन अँपिअर म्हणजे १५ वॅट. बॅटरीच्या बाजूला ही ओढ साधारण दीड अँपिअरची होते. तेव्हा संगणकासाठी ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. तो वारंवार उडत असेल, तर मोठा फ्यूज घालू नका. तो का उडतोय हे शोधा. गाडीला आग लागते ती मोठा फ्यूज घातल्यामुळे आणि उघड्या सांध्यांमुळे. वायर नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका. उन्हात टेपचा गोंद सुटतो. सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब चढवा, नाहीतर चांगले कपलर वापरा.

दुसरा प्रश्न बॅटरी उतरण्याचा. हा संगणक नुसता चालू ठेवला तरी साधारण ३ वॅट घेतो. बारा व्होल्टवर हे पाव अँपिअर झालं, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. गाडी चार दिवस उभी राहिली तर पाचव्या दिवशी धक्का मारायची पाळी येते. त्यामुळे संगणक चावीबरोबर चालू व्हायला हवा आणि चावीबरोबरच बंद व्हायला हवा.

पण ‘बंद’ म्हणजे वीज तोडून टाकणं नव्हे. रास्पबेरी पाय मेमरी कार्डवरून चालतो. कार्डावर काही लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्ड खराब होतं, आणि एक दिवस पडद्यावर काहीच येत नाही. त्यावर दोन उपाय आहेत, ते दोन्ही करा. पहिला : मूळ प्रणाली फक्त वाचता येईल, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही, अशी मांडा. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. दुसरा : उशिरा तुटणारा रिले बसवा. चावी काढली की त्याची खूण संगणकाला मिळते, तो रीतसर बंद होतो, आणि अर्ध्या-एक मिनिटाने रिले वीज पूर्ण तोडतो. रिले हवाच, कारण बंद झाल्यावरही हा संगणक थोडी वीज घेतच राहतो. चावीची ही खूण १२ व्होल्टची असते आणि संगणकाच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मध्ये दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा ऑप्टोकपलर घाला. थेट जोडली तर संगणक त्याच क्षणी जातो.

काही जण यासाठी लिथियमची पॉवर बँक वापरतात. कृपया वापरू नका. वैशाख-ज्येष्ठात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या आसपास तापतो. तिथे लिथियमची बॅटरी ठेवणं धोक्याचं आहे.

या उन्हाचा विचार संगणकासाठीही करावा लागतो. चौथ्या पिढीचा पाय ५० अंशांपर्यंतच्या हवेत चालावा असा बनवलेला आहे. तेव्हा तो डॅशबोर्डच्या वर किंवा काचेजवळ नको. सीटखालीही नको, कारण पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं. ग्लोव्ह बॉक्सच्या मागची जागा बरी. त्याला अॅल्युमिनियमचं कवच आणि छोटा पंखा द्या. गाडी तापलेली असेल तर आधी दारं उघडा, दोन मिनिटं हवा खेळू द्या, मग चावी फिरवा.

एवढं झालं की मग पडदा. गाडीतल्या संचांची मापं ठरलेली आहेत. एकपदरी खाचेचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, दुपदरीचं १८० बाय १०० मिलिमीटर. दुपदरी खाचेत सात इंची पडदा चौकटीसह बसतो. पण पडदा विकत घेण्याआधी खाच स्वतः मोजा, तिची खोलीही मोजा. बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा कपॅसिटिव्ह पडदा घ्या. दाबावा लागणारा घेतलात तर लक्ष रस्त्यावरून हटतं. उजेड किती आहे, ते दुकानातल्या दिव्याखाली नाही, भर उन्हात बघा. आणि रात्री तो आपोआप मंद होईल अशी सोय करा. गाडीच्या दिव्यांची वायर तिथवर आलेलीच असते. तिची खूण त्यासाठी वापरता येते, तीही ऑप्टोकपलरमधूनच.

आवाजासाठी माझा सल्ला थोडा वेगळा आहे. जुन्या संचात ऑक्स इनपुट असेल, तर पहिल्या खेपेला तो संच काढूच नका. पडदा वर चौकटीत बसवा आणि संगणकाचा आवाज ऑक्समधून जुन्या संचाला द्या. त्यात चांगला अॅम्प्लिफायर आहे, स्पीकरची जोडणी आहे, आणि रेडिओही आहे. रास्पबेरी पायमध्ये रेडिओ नसतो, हे तुम्ही-आम्ही लक्षात ठेवलेलं बरं! जुना संच काढायचाच असेल, तर वेगळा अॅम्प्लिफायर लागेल आणि त्याला वेगळा फ्यूज. बाजारातल्या संचांमध्ये साधारणपणे पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची आणि काळी अर्थची असते. पण गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून रंगावर विसंबू नका, मल्टीमीटर लावा. गाडीची मूळ वायर कापू नका. तुमच्या मॉडेलचा जोड-कपलर मिळतो, तो घ्या. स्पीकरची कोणतीही वायर बॉडीला अर्थ करू नका, त्याने अॅम्प्लिफायर जळतो. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर समजा की अर्थ दोन ठिकाणी झालं आहे. सगळं अर्थ एकाच जागी आणा. तरीही शिट्टी गेली नाही, तर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सतत बदलत असतं. लिनक्सवर ‘कोडी’ हा कार्यक्रम गाणी आणि चित्रफिती उत्तम हाताळतो. नकाशासाठी ‘नॅव्हिट’सारखा, ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा साठवून चालणारा कार्यक्रम घ्या आणि यूएसबीवरचा छोटा जीपीएस लावा. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात मोबाइलची रेंज गेली तरी असा नकाशा चालू राहतो. 

आता काय करू नये, ते ऐका. पिवळ्या आवरणातल्या वायर आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका, त्यांवर मल्टीमीटरही लावू नका. एअरबॅग जिथून उघडते, तिथे पडदा किंवा चौकट बसवू नका. अपघातात ती वस्तू थेट तोंडावर येईल. गाडीच्या आतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं ज्या तारांवरून चालतं, त्या कॅन बसच्या तारा कापू नका. इंजिनचं तापमान किंवा वेग पडद्यावर बघायचा असेल, तर बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या तपासणीचं, सॉकेट असतं. त्यात अडॅप्टर लावून माहिती फक्त वाचा, आणि गाडी उभी करताना तो काढून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल, तर वायरिंगला हात लावण्याआधी तिच्या अटी वाचा. कंपनीने न बसवलेली विद्युत उपकरणं विम्यात वेगळी नोंदवावी लागतात, तेव्हा विमा एजंटाला सांगा.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांची. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे बघितलंत, तर ३३ मीटर तुम्ही डोळे मिटून गेलात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली वाहननिर्मात्यांसाठी मर्यादा सुचवली, ती हीच : एका नजरेला दोन सेकंद, आणि पूर्ण कामाला एकूण बारा सेकंद. आपला पडदा याच मापाने तपासा. घरी खुर्चीत बसा, कुणाला तरी घड्याळ लावायला सांगा आणि गाणं बदलून बघा. जास्त वेळ लागला तर बटणं मोठी करा, संख्या कमी करा. आवाज कमी-जास्त करायला फिरवायचं खरं बटण ठेवा, ते न बघता सापडतं. गाडी चालू असताना चित्रफीत दिसणारच नाही, असं कुलूप सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच घाला. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार गाडी चालवताना हातातल्या फोनसारख्या उपकरणाचा वापर फक्त रस्ता शोधण्यापुरता, आणि तोही चालकाचं लक्ष विचलित न होता, करता येतो. आपल्या पडद्यालाही हीच शिस्त लावा.

तेव्हा, श्रोतेहो, क्रम असा ठेवा. आधी कागदावर जोडणीची आकृती काढा. मग घरी टेबलावर, एका जुन्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर सगळा संच मांडा आणि आठवडाभर रोज वापरा. चालू-बंद करून बघा, वीज अचानक तोडून बघा. तिथे तो टिकला तरच गाडीत न्या. गाडीत बसवण्याच्या दिवशी पहिलं काम, बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडवणं. आणि वायरिंगबद्दल मनात जराही शंका असेल, तर ती जोडणी ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही. बाकीचा संच तुमचाच आहे.