मत देणाऱ्याने सामना पाहिलेला असावा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला आयटी क्षेत्राबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं होतं. पण ते मी ऑफिसात रोजच बोलते. आज फुटबॉलवर बोलणार आहे. हसा, हसा! चेंडूला कधी पाय न लावलेली मुलगी फुटबॉलवर काय बोलणार, असं वाटत असेल. पण फुटबॉलच्या एका बक्षिसाचा हिशेब माझ्याकडून राहून गेलाय आणि तो तुमच्यासमोरच द्यायला हवा.

आपण नववीत होतो. १९९४ चा वर्ल्ड कप नुकताच होऊन गेला होता आणि वर्गातला प्रत्येक मुलगा स्वतःला रोमारिओ नाहीतर बॅजिओ समजत होता. आंतरवर्गीय स्पर्धेची फायनल होती. सरांनी जाहीर केलं, की यंदा सर्वोत्कृष्ट खेळाडू शिक्षक ठरवणार नाहीत. भित्तिपत्रकात खेळाच्या बातम्या लिहिणारे तिघं मत देतील. त्या तिघांत मी होते. सर म्हणाले, "परदेशात मोठी बक्षिसं पत्रकारच ठरवतात." आम्ही हवेत!

सरांचं म्हणणं खरं होतं. इंग्लंडमध्ये फुटबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना १९४७ मध्ये झाली आणि १९४८ पासून ती मतदान करून वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडते. पहिला मान स्टॅनली मॅथ्यूजचा. १९५६ मध्ये त्यांनी बर्ट ट्राउटमन या गोलकीपरला निवडलं. तो जर्मन होता, महायुद्धात इंग्रजांच्या विरुद्ध लढलेला आणि युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आलेला. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. तरी पत्रकारांनी खेळ पाहिला आणि मत दिलं.

त्याच वर्षी 'फ्रान्स फुटबॉल' या फ्रेंच नियतकालिकाने बॅलन डी'ऑर सुरू केला. युरोपातले सोळा पत्रकार होते. प्रत्येकाने पाच नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला ५ गुण, शेवटच्याला १. मॅथ्यूजला ४७ गुण मिळाले, रिअल माद्रिदच्या डी स्टेफानोला ४४. मी इंजिनिअर, आकडे दिसले की बोटं मोडायला लागते. एखाद्या पत्रकाराने मॅथ्यूजला पहिला आणि डी स्टेफानोला तिसरा लिहिलं असेल आणि तीच दोन नावं उलटी लिहिली असती, तर चार गुणांचा फरक पडून निकाल फिरला असता. एका माणसाच्या एका कागदाचं वजन एवढं असतं.

आता माझ्या कागदाचं सांगते. फायनलचा पूर्वार्ध मी पाहिला. उत्तरार्धात मी मैदानाच्या कडेला मैत्रिणींबरोबर चिंचा खात गप्पा मारत बसले होते. गोल झाल्याचा आरडाओरडा ऐकू आला, कुणी मारला ते विचारून घेतलं, आणि त्याचंच नाव चिठ्ठीवर लिहिलं. दुसऱ्या दोघांची मतं वेगवेगळी पडली होती. माझ्या मताने निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी बातमी लिहायला माहिती गोळा करताना कळलं, की आपल्या गोलकीपरने उत्तरार्धात ढोपर फुटलेलं असताना एकामागून एक गोल वाचवले होते. तो रडला नाही, भांडला नाही. मला एवढंच म्हणाला, "तू बघितलंस नव्हं?" मी "हो" म्हणाले. ते खोटं होतं. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचं नाव घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

पुढे वाचनात आलं, की ही चूक माझ्या एकटीची नव्हती. बॅलन डी'ऑरच्या इतक्या वर्षांत हा मान फक्त एका गोलकीपरला मिळालाय, १९६३ मध्ये लेव्ह याशिनला. गोल मारणारा सगळ्यांना दिसतो, अडवणारा दिसायला नव्वद मिनिटं बसावं लागतं. बायका तर फार उशिरा दिसल्या. महिलांचा बॅलन डी'ऑर २०१८ मध्ये सुरू झाला, पुरुषांच्या नंतर ६२ वर्षांनी.

मत कुणाला, हाही प्रश्न आहेच. २०२२ पासून पुरुषांच्या पुरस्कारासाठी फिफा क्रमवारीतल्या पहिल्या शंभर देशांच्याच पत्रकारांना मत आहे. त्या वर्षी भारत शंभराच्या बाहेर होता, म्हणजे आपलं मत गेलं. मला राग आला. रात्री दीड वाजता उठून चॅम्पियन्स लीग बघणारी माणसं आपल्या कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. देशाचा संघ कितवा आहे यावरून बघणाऱ्याची नजर कशी ठरवायची? पण मग मलाच माझी चिठ्ठी आठवली. मला मत होतं, आणि मी बघितलं नव्हतं.

या बाबतीत मला आपलं कोल्हापूर शहाणं वाटतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे सामने होतात. दुसऱ्या दिवशी पेपरात सामनावीराबरोबर आणखी एक नाव छापून येतं, 'लढवय्या खेळाडू'. स्पर्धेच्या शेवटी उत्कृष्ट गोलरक्षक, उत्कृष्ट बचावपटू यांनाही वेगळी बक्षिसं असतात. गोल न मारणाऱ्यासाठी इथल्या मातीने जागा ठेवली आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

आता माझ्या हाताखाली माणसं काम करतात. दरवर्षी अप्रेझलला त्यांना गुण द्यावे लागतात. डेमोमध्ये छान बोलणारा चटकन आठवतो. रात्री सर्व्हर पडू नये म्हणून जागणारी मुलगी आठवत नाही, कारण सर्व्हर पडलेलाच नसतो! म्हणून फॉर्म भरण्याआधी मी प्रत्येकाचं वर्षभराचं काम काढून वाचते. वेळ लागतो. तेव्हा "तू बघितलंस नव्हं?" हे कानात असतं.

मित्रा, मी बघितलं नव्हतं. बक्षीस तुझं होतं. तीस वर्षं उशिरा सांगतेय, माफ कर.

आणि सर, बाई, एक विनंती. आपल्या बॅचतर्फे शाळेला दोन फिरत्या ढाली देऊ या, मुलांच्या आणि मुलींच्या आंतरवर्गीय फुटबॉलसाठी, 'लढवय्या खेळाडू' म्हणून. मत भित्तिपत्रकाच्या मुलांनीच द्यावं. अट एकच. चिठ्ठीवर नावाखाली, त्या खेळाडूने केलेली आणि स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहायची. ती लिहिता आली नाही, तर मत बाद.

पहिल्या वर्षी तिसऱ्या रांगेतल्या त्या गोलकीपरच्या हस्ते ढाल द्यावी, एवढं सुचवते आणि थांबते.