वही सभेतच लिहायची



आज आम्ही सभेबद्दल बोलणार आहोत. ‘सभा’ हा शब्द ऐकून निम्म्या जणींनी रेडिओचा आवाज कमी केला असेल, आम्हाला ठाऊक आहे. पण थोडं थांबा. बचत गट, महिला मंडळ, शाळेची व्यवस्थापन समिती, नाहीतर आपल्या कामाची एखादी संघटना, कुठेतरी तुमचं नाव सभासदांच्या यादीत असेलच. आणि तिथली सभा संपवून घरी येताना, ‘आजचा रविवार फुकट गेला’ असं तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल.

आम्ही जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या परिचारिकांच्या एका लहानशा संघटनेच्या कार्यकारिणीतल्या बायका. काही सरकारी नोकरीत, बऱ्याच खासगी दवाखान्यांत. अकरा जणींची कार्यकारिणी, नोंदणी झालेली, घटना छापलेली, शिक्काही आहे. कागदावर सगळं होतं. तरीही आमच्या हातून जे झालं, ते आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या एका सभासद बहिणीच्या नवऱ्याला अपघात झाला. सभेत विषय निघाला. सगळ्या हळहळल्या. कल्याण निधीतून पंधरा हजार द्यायचे ठरले, सगळ्यांनी माना हलवल्या, तेवढ्यात चहा आला. चिटणीसताईंची त्या रात्री नाईट होती. ‘इतिवृत्त नंतर सावकाश लिहिते,’ म्हणाल्या. आम्हीही ‘हो हो’ केलं. पंधरा दिवसांनी लिहायला बसल्या तर आठवेना. पंधरा की दहा? मदत की बिनव्याजी उसने? चार जणींना फोन केले, चार उत्तरं आली. खजिनदारताई म्हणाल्या, ‘ठराव दाखवा, मग चेकवर सही करते.’ त्यांचं चुकलं नव्हतं. उद्या ऑडिटरने विचारलं असतं तर उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. पुढची सभा दोन महिन्यांनी, तिला कोरम झाला नाही. चेक पोचला तेव्हा चौथा महिना चालू होता आणि त्या बहिणीने गळ्यातली पोत गहाण ठेवून दवाखान्याचं बिल भागवलं होतं. तिने चेक घेतला, काही बोलली नाही. पुढच्या वर्षी वर्गणी मात्र भरली नाही.

आमच्यात कोणी वाईट नव्हती. पैसा होता, मनही होतं. फक्त वहीत दोन ओळी नव्हत्या.

यातून आम्हाला बाहेर काढलं ते आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी. त्या एरंडोल तालुक्यातल्या एका गावात बचत गटात आहेत. सुनेने घरी हा प्रकार सांगितला तर म्हणाल्या, ‘तुम्ही इतल्या शिकेल, नि वही घर जाईसन लिखतस?’ सुनेने ते आम्हाला सांगितलं. आम्ही हसलो, पण लागलं. मग आम्ही तिघी जणी एका दुपारी त्यांच्या गटाची बैठक बघायला गेलो.

ओट्यावर गोल करून बायका बसलेल्या, मध्ये वही आणि पैशाची पेटी. ‘उमेद’च्या गटांना पंचसूत्री शिकवलेली असते: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाची नीट नोंद. त्या बायकांना ती पाढ्यासारखी पाठ होती. पैसे मोजले ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येतील असे. एकीने कर्ज मागितलं, कशाला पाहिजे ते सांगितलं, दोघींनी उलट विचारलं, मग ठरलं. लिहिणाऱ्या मुलीने तिथेच लिहिलं, वाचून दाखवलं, सह्या-अंगठे झाले. त्यानंतरच बायका पदर झटकत उठल्या. पाऊण तासात सगळं आटोपलं. आमची सभा तीन तास चालायची, हे आम्ही तिथे सांगितलं नाही.

लिहिलेलं राहतं, हे खरं तर आम्हा धुळे-जळगावकरांना बाहेरून शिकायला नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरची, फडताळातली जुनी दप्तरं गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच गेले. त्यांच्यामागे १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, आणि ते आजही आहे. ज्यांच्या शहरात शेकडो वर्षांपूर्वीचे कागद जपलेले आहेत, त्यांना मागच्या महिन्यातला ठराव सापडत नव्हता!

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम झाला. वही सभेतच लिहायची. एक विषय संपला की चिटणीसताई हात वर करतात, सगळ्या गप्प होतात, त्या तीन गोष्टी मोठ्याने वाचतात. काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. मग पुढचा विषय. सूचक आणि अनुमोदक यांची नावं तिथेच लिहितात. आणखी एक ठरवलं, जी हजर नाही तिच्या गळ्यात काम घालायचं नाही. पूर्वी आम्ही हमखास तेच करायचो. न आलेली बाई सगळ्यात सोयीची, कारण ती नाही म्हणत नाही! सुरुवातीला वेळ जातोय असं वाटलं. आता दीड तासात सभा संपते, कारण तेच तेच बोलणं बंद झालं.

दुसरं दुखणं म्हणजे ‘ऐनवेळचे विषय’. विषयपत्रिकेच्या शेवटी ही ओळ प्रत्येक संस्था छापते. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे हे विषय असतात, आणि खरी भांडणं त्यातच असतात. निम्म्या बायका बस पकडायला उठलेल्या, उरलेल्या पिशव्या आवरतायत आणि तेव्हा कोणीतरी वर्गणी दुप्पट करायचं काढतं. आम्ही आता ठरवलं आहे की पैशाचा आणि घटनेतल्या बदलाचा विषय ऐनवेळी घ्यायचाच नाही. यात सगळा आमचाच शहाणपणा नाही, काही बाबतीत कायदाच आहे. संस्था नोंदणी अधिनियम १८६० चा. संस्थेचे उद्देश बदलायचे तर लेखी प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोचवावा लागतो. तीन पंचमांश मतं लागतात, आणि महिन्याभराने पुन्हा सभा घेऊन तितक्याच मतांनी तो पक्का करावा लागतो. वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली असेल तर त्या सभासदाला मत देता येत नाही. म्हणून खजिनदारताई वार्षिक सभेच्या आधी यादी फळ्यावर लावतात. दोन-तीन जणी रुसतात, पण भरतात. आणि निवडणूक होऊन कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. हे राहून गेलं की बँक जुन्याच सह्या मागते आणि जुन्या अध्यक्षांची बदली नाशिकला झालेली असते.

आता गप्प बसणाऱ्यांबद्दल. यावर आम्ही सगळ्यात जास्त डोकं चालवलं आहे. आमच्या सभेत चार-पाच जणीच बोलायच्या, त्याच त्या. त्यातल्या एक-दोघी तर कार्यकारिणीतच नव्हत्या. बाकीच्या मान खाली घालून पिशवीच्या बंदाशी खेळायच्या. आम्हाला वाटायचं, यांना काही म्हणायचं नाही. मग एकदा आमच्या अध्यक्षताई सहज एका साक्रीकडच्या सिस्टरला म्हणाल्या, ‘बहीण, तुन्हं काय म्हननं शे?’ आणि ती पाच मिनिटं बोलली. आदिवासी पाड्यावरच्या उपकेंद्रातून तालुक्याला सभेला यायचं म्हणजे काय, शेवटची बस चुकली तर काय होतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही नव्हतं. ती भाषणाच्या मराठीला बुजत होती, एवढंच. आता आम्ही महत्त्वाच्या विषयावर गोलाने एकेकीला विचारतो, आणि नवीन मुलीपासून सुरुवात करतो. मोठ्या सिस्टर आधी बोलल्या की धाकट्या ‘ताई म्हणतात तसंच’ म्हणून मोकळ्या होतात. वॉर्डातली सवय सभेतही येते. मोठ्या सिस्टरना हे आवडलंच असं नाही. एक अजूनही म्हणतात, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ बरोबर आहे, नव्हतं.

सभेची जागाही आम्ही बदलली. जळगावात घेतली की धुळ्याच्या येत नाहीत, धुळ्यात घेतली की यावल-रावेरच्या येत नाहीत. आता एक सभा आड पारोळ्याला, महामार्गावर, दोन्हीकडून एसटी मिळते. पहिला रविवार, सकाळी साडेदहा, म्हणजे नाईट करून आलेलीला दोन घास खाता येतात आणि इव्हिनिंगवालीला वेळेवर परतता येतं. एप्रिल-मेमध्ये सभा नाहीच. त्या उन्हात कोणाला बोलावणं म्हणजे पेशंट वाढवणं. डिसेंबरच्या सभेला भरीत आणि कळण्याची भाकरी असते, तेव्हा कोरमची काळजी कधीच नसते.

समित्यांचं थोडक्यात सांगतो. आमच्याकडे सात समित्या होत्या. प्रत्येकीला पद मिळावं म्हणून केलेल्या. कोणाला आपण कशाच्या सदस्य आहोत ते आठवत नव्हतं. त्या सगळ्या मोडल्या. आता काम निघालं की तीन जणींची समिती, काय करायचं ते एका वाक्यात, आणि ती कोणत्या तारखेला संपणार तेही वहीत.

मात्र एक समिती मोडता येत नाही, ती तुमच्या नोकरीच्या ठिकाणची. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा २०१३ चा कायदा आहे. तिची अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक व्यक्ती बाहेरची. आमच्या दोन सभासदांना आपलं नाव अशा समितीत आहे हे भिंतीवरचा बोर्ड वाचून कळलं. तुमचंही नाव असं कुठे लिहिलेलं आहे का, उद्या कामावर गेलात की बघा. असेल तर शेवटची बैठक कधी झाली ते विचारा, आणि वही मागा.

एक शेवटचं. इव्हिनिंग ड्युटी संपवून रात्री नऊनंतर घरी जाणाऱ्या मुलींसाठी दवाखान्याने गाडी द्यावी, हा विषय आमच्याकडे तीन वर्षं ऐनवेळच्या विषयांत होता. प्रत्येक वेळी सगळ्या तावातावाने बोलायच्या आणि प्रत्येक वेळी चहा यायचा. मागच्या वर्षी तो विषयपत्रिकेत पहिला घेतला. दोन नावं, एक तारीख. त्या दोघींनी मुलींच्या घराचे पत्ते, सुटण्याच्या वेळा, रिक्षाचं भाडं असं सगळं लिहून पाच दवाखान्यांना पत्रं दिली आणि पोच घेतली. दोन ठिकाणी गाडी सुरू झाली. एकाने जमणार नाही असं कळवलं. दोघांचं उत्तर अजून नाही.

त्या दोन दवाखान्यांत आता कोण जाणार, हे येत्या रविवारी पारोळ्याच्या सभेत ठरेल. आणि हो, वर्गणी न भरलेल्या त्या बहिणीलाही आम्ही निरोप दिला आहे. येईल की नाही, माहीत नाही.

नमस्कार.