मिठाकडे पाणी धावतं
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका कृषी सखीने केलेलं भाषण, तिच्याच शब्दांत)



बोलण्याआधी एक काम करते. या बटाट्याच्या दोन चकत्या. एक या वाटीत, साध्या पाण्यात. दुसरी त्या वाटीत, तिच्या पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवलंय. वाट्या राहू द्या तिथेच, शेवटी बघू.

मागच्या वर्षी आमच्या गटाने मिरचीची रोपं तयार करून विकायचं ठरवलं. गादीवाफे केले, बी टाकलं, रोपं बोटभर झाली. पण जरा पिवळट दिसत होती. मी म्हटलं, १९:१९:१९ देऊ. लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण मला माहीत होतं. म्हणजे दहा लिटरच्या झारीला ५० ग्रॅम. मी टाकलं पाव किलो! जास्त दिलं की जास्त वाढेल, असा हिशोब. तेही कोरड्या वाफ्यावर, भर दुपारी. संध्याकाळी रोपांनी माना टाकलेल्या, पानांच्या कडा भाजल्यासारख्या. निम्मी रोपं गेली. त्या पैशातून बँकेचा हप्ता जायचा होता, तो सगळ्या जणींनी घरातून काढून भरला. मला कुणी बोललं नाही, पण मलाच बैठकीला जायची लाज वाटायची.

चूक कुठे झाली ते कळायला स्वयंपाकघरातच जावं लागेल. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ कधी घालता? वाढताना. आधी घातलं तर पाणी सुटतं. ते पाणी काकडीतलंच की! काकडी, मिरचीचं मूळ, आपलं शरीर, सगळं बारीक पेशींचं बनलेलं. प्रत्येक पेशीला पातळ पापुद्रा असतो. त्यातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ-साखर तशी जात नाही. मग ज्या बाजूला मीठ, साखर किंवा खत जास्त विरघळलेलं, तिकडे पाणी जातं. पुस्तकात याला परासरण म्हणतात. बेदाणे पाण्यात टम्म फुगतात, कारण साखर आत आणि साधं पाणी बाहेर.

मुळाचंही तसंच. नेहमी मुळाच्या आत क्षार जास्त असतात, मातीतल्या पाण्यात कमी, म्हणून पाणी आत येतं. मी बाहेरच इतकं खत ओतलं की उलटं झालं. माती ओली आणि रोप तहानलेलं. आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात हीच अडचण आहे. विहिरीचं पाणीच खारं, ते पिकाला द्यायचं कसं?

वर पाणी कोण चढवतं? पानं. पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ निघत राहते आणि त्या ओढीने मुळापासून बारीक नळ्यांतून पाणी वर येतं. झाड जेवढं पाणी घेतं, त्यातलं शंभरातलं ९५ भागांहून जास्त असंच हवेत जातं. म्हणून रोपं संध्याकाळी लावायची. उपटताना मुळं तुटलेली असतात, दुपारचं ऊन पानांतून ओढतंय आणि खालून पुरवठा नाही.

आता शेत सोडून घरात येते, कारण हे त्याहून मोठं आहे. लेकराला जुलाब लागले की आपण ओआरएस देतो. आतड्याच्या पेशी साखर आणि मीठ जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. नुसत्या पाण्याने हे तेवढं होत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून पाजायला लावलं. रुग्णांच्या घरचीच माणसं पाजायची. खूप जीव वाचले.

पण प्रमाण चुकलं तर माझ्या मिरचीसारखंच. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं, तर आतड्यात इतकं दाट होतं की शरीरातलंच पाणी तिकडे ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ‘घट्ट केलं की ताकद जास्त’ असं म्हणणाऱ्या आज्या आमच्याही घरात आहेत. पाकिटावर किती पाणी ते लिहिलेलं असतं, ते बघा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा शिगोशीग नको. बाळ अंगावर पीत असेल तर ते चालू ठेवा. बाळ पाणीही पीत नसेल, सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचात रक्त असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा. रस्त्यात पाजत न्या.

आमच्या गटाने आता एक छोटा वजनकाटा घेतलाय. खत मोजूनच, आधी वाफा ओला करून, उन्हं उतरल्यावर. यंदाची रोपं ठीक आहेत.

आता त्या वाट्या द्या बघू इकडे. ही साध्या पाण्यातली चकती, वाकवली की कडकन मोडली. आणि ही मिठातली... बघा, चिंधीसारखी वळतेय. हातोहात फिरवा, मागच्या ताईंपर्यंत जाऊ द्या.