टॉवर गच्चीवर, फोन कानाशी

सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसणार म्हटलं की सभा तापते, सह्यांचे अर्ज फिरतात. ती काळजी मी खोटी मानत नाही. पण सभा संपवून लिफ्टने खाली येताना, एकच काडी रेंज असताना, आपण फोन कानात खुपसून ‘हॅलो, हॅलो’ करतो. मला आज त्या फोनबद्दल बोलायचं आहे.

फोन टॉवरचं ऐकतो, तसा टॉवरशी बोलतोही. रेंज चांगली असली की तो अगदी कमी शक्तीत बोलतो, रेंज गेली की जोर लावतो. या दोन टोकांतला फरक शेकडो पटींचा असू शकतो. फोर-जी फोनची कमाल शक्ती साधारण 0.2 वॉट. ऐकायला ती क्षुल्लक वाटते, पण तो स्रोत आपल्या कातडीला टेकलेला असतो. टॉवर कितीतरी शक्तिशाली, मात्र अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. शिवाय जवळचा टॉवर काढून टाकला, तर परिसरातल्या प्रत्येक फोनला जास्त जोर लावावा लागतो. अर्जावर सही करण्याआधी याचा विचार व्हायला हवा.

मग धोका किती? फोनच्या आणि टॉवरच्या लहरी क्ष-किरणांप्रमाणे रेणूंचे बंध तोडू शकत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती तापणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये त्यांना ‘कदाचित कर्ककारक’ गटात टाकलं, कारण पुरावा मर्यादित होता. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तेव्हा घाबरून जाऊ नका. पण फुकटात कमी करता येणारी गोष्ट कमी का करू नये?

सप्टेंबर 2012 पासून भारतात फोनसाठी मर्यादा आहे : एक ग्रॅम ऊतीवर सरासरी, किलोमागे 1.6 वॉट. ऊतीत शोषल्या जाणाऱ्या शक्तीच्या या मापाला ‘सार’ म्हणतात. आत्ता खिशातून फोन काढा आणि स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. बऱ्याच फोनवर आकडा दिसेल. तो कमाल शक्तीवर मोजलेला असतो, रोजच्या वापराचा नव्हे. आणि अशी मोजणी कामाची असते. 2023 मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेला आयफोन 12 हातात किंवा खिशात असताना किलोमागे 5.74 वॉट आढळले, तिथे अशा वापरासाठीची मर्यादा होती 4. विक्री थांबली आणि कंपनीला सॉफ्टवेअर सुधारावं लागलं.

लांबलचक बोलायचं असेल तर इअरफोन लावा किंवा स्पीकरवर बोला. चार बोटांचं अंतरही खूप फरक पाडतं. घाटात, तळघरात, लिफ्टमध्ये बोलणं आवरतं घ्या, दोन ओळींचा मेसेज टाका. रात्री उशीखाली फोन नको. बाजारात मिळणाऱ्या ‘रेडिएशन चिप’च्या स्टिकरवर मात्र एक रुपयाही घालवू नका. ते स्टिकर लहरी खरोखर अडवू लागलं, तर फोनला टॉवर गाठायला आणखी जोर लावावा लागेल, आणि तोही तुमच्या कानाशीच.