उसन्या कोडवरचं नाव



लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांखालून ‘लोहित’ हा फॉन्ट नाव न कळताच गेलेला असतो. त्याची अक्षरं मुळात आपल्या पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवली. रेड हॅट या कंपनीने ती खुली केली आणि पुढे तिच्या पुण्यातल्या मंडळींनी ती निगुतीने सांभाळली. आधी परवाना जीपीएलचा होता. २०११मध्ये ओपन फॉन्ट लायसन्स आलं. ते सांगतं, फॉन्ट घ्या, बदला, वाटा. पण मूळ हक्काची ओळ सोबत राहू द्या, आणि बदललेल्या फॉन्टला राखीव नाव लावू नका. म्हणजे मूळ कारागिराचं नाव पुसायचं नाही आणि आपल्या चुकाही त्याच्या नावावर खपवायच्या नाहीत. ही दुसरी अट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते.

समजा, लोहितवरून कुणी नवा फॉन्ट केला आणि ‘दुसऱ्या’मधला र मोडतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तो नीट केला. मूळ ओळ शाबूत असेल, तर ही दुरुस्ती कुठे पाठवायची ते त्याला कळतं आणि ती सगळ्यांच्या कामी येते. ओळ गाळली असेल, तर तोच र प्रत्येकाने नव्याने दुरुस्त करत बसायचं.

कोडचंही तसंच आहे. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक बदलाबरोबर दोन नावं नोंदली जातात: तो लिहिणाऱ्याचं आणि दाखल करणाऱ्याचं. दुसऱ्या प्रकल्पातला बदल चेरी-पिक केला, म्हणजे नोंदीसकट उचलून आणला, तर लिहिणाऱ्याचं नाव आपसूक टिकतं. आपण मात्र घाईत कॉपी-पेस्ट करतो आणि आपल्या नावाने कमिट करून मोकळे होतो. फुकट दिलंय, मग नाव कशाला, हा युक्तिवाद कोर्टातही टिकलेला नाही. मॉडेल रेल्वेच्या ‘जेएमआरआय’ या खुल्या प्रकल्पातल्या फाइली एका कंपनीने लेखकांची नावं गाळून वापरल्या. अशा परवान्याच्या अटी मोडणं हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो, असं अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००८मध्ये सांगितलं.

मूळ कुठलं ते नोंदवण्याची ही शिस्त पुण्याला नवी नाही. भांडारकर संस्थेत १९१९मध्ये सुरू झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पूर्ण झाली. तिचं पान उघडून बघा. वर संहिता, खाली बारीक टाइपात पाठभेद, आणि प्रत्येक पाठभेदाशी तो कुठल्या हस्तलिखितातला याची खूण. संपादक सुकथनकरांचा निर्णय पटला नाही, तर तो तपासायची वाट त्यांनीच आपल्या हाती ठेवली आहे. कोड वाचणाऱ्यालाही हाच हक्क हवा.

म्हणून इथल्या तरुण प्रोग्रामरांना कळकळीची विनंती आहे. कोडचा तुकडा उचललात, तर फाइलच्या माथ्यावरची हक्काची ओळ काढू नका. कुठल्या प्रकल्पातून, कुठल्या कमिटमधून घेतला, ते कमिटच्या संदेशात लिहा. आणि त्यात काही सुधारलंत, तर ते मूळ प्रकल्पालाही कळवा. लोहितच्या अक्षरांत कोकणी आणि नेपाळीही वाचली जाते; मूळ प्रकल्पात पोचलेली एक दुरुस्ती त्या वाचकांच्याही कामी येते.